कार्बोरेटर ट्यूनिंग (बोटीचे इंजिन)

पेट्रोल इंजिनात शिरणाऱ्या हवा-पेट्रोल मिश्रणाचे प्रमाण आणि इंजिनाचा स्लो स्पीड जुळवण्याची क्रिया. डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतो, त्यामुळे मोठ्या डिझेल ट्रॉलरांशी या नोंदीचा संबंध नाही. प्रश्न आहे तो मुख्यतः लहान होड्यांच्या मागे लावलेल्या जुन्या आउटबोर्ड इंजिनांचा.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. बोटीवर मात्र मिश्रण थोडे रिच, म्हणजे पेट्रोल किंचित जास्त, ठेवलेले बरे. मोटारीला मधूनमधून उतार मिळतो. बोटीच्या पंख्याला पाणी सतत कापावे लागते. त्यात टू-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल बहुधा पेट्रोलमधूनच येते. मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, झाले की उष्णता वाढते आणि वंगण घटते, मग पिस्टन जाम व्हायला फार वेळ लागत नाही.

स्लोचे सेटिंग बोट पाण्यात, धक्क्याला घट्ट बांधून, इंजिन गरम झाल्यावर आणि पुढच्या गिअरमध्ये करावे. जमिनीवर नळीचे पाणी देऊन केलेले सेटिंग पाण्यात टिकत नाही, कारण जमिनीवर पंख्यावर भार नसतो आणि एक्झॉस्टवर पाण्याचा दाबही नसतो. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्यावा (जोर लावल्यास सुईचे टोक बिघडते) आणि साधारण दीड फेरा बाहेर काढावा. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतला धरावा. मग पाव फेऱ्याहूनही कमी फिरवत, दर वेळी इंजिनाला स्थिरावायला थोडा वेळ देत पाहावे. लीन झाले की इंजिन कार्बोरेटरमधून शिंकते, फार रिच झाले की धूर सोडत गुदमरते. या दोहोंच्या मधे, रिचच्या बाजूला स्क्रू सोडावा. थ्रॉटल झटकन उघडल्यावर अडखळले, तर आणखी थोडे पेट्रोल द्यावे. बहुतेक आउटबोर्डवर स्क्रू आत नेल्याने मिश्रण लीन होते. तो हवेचा असेल, तर परिणाम उलट.

वरच्या वेगासाठी सहसा स्क्रू नसतोच. तिथे ठरावीक भोकाचा पितळी मेन जेट काम करतो. निदान स्पार्क प्लगच्या रंगावरून होते : फिकट तपकिरी ठीक, पांढराफटक लीन, काजळलेला रिच. एकाहून जास्त कार्बोरेटर असतील, तर सर्वांचे थ्रॉटल एकाच क्षणी उघडले पाहिजेत. अनेक टू-स्ट्रोक आउटबोर्डवर ठिणगीचा टायमिंगही थ्रॉटलच्या दांड्याला जोडलेला असतो. तो जुळवल्याशिवाय स्क्रूशी खेळण्यात अर्थ नाही.

खरे तर ट्यूनिंगची म्हणून आलेली बरीच तक्रार कचऱ्याची असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेवढ्या काळात कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये राहिलेले पेट्रोल उडून चिकट थर उरतो आणि स्लो जेटचे केसाएवढे भोक आधी बुजते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल शोषते, त्याने भर पडते. अशा वेळी आधी जेट उघडून साफ करावेत, फ्लोटची सुई तपासावी आणि मगच स्क्रूला हात लावावा.

बोटीच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनावर मोटारीचा कार्बोरेटर कधीही चढवू नये. सागरी कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाल्यास पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनाच्या घशात जाईल अशी त्याच्या व्हेंटची रचना असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळात साचते आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो.