कातारी आणि हौशी

छंद म्हणजे पोटापाण्याचा उद्योग आटोपल्यावर उरलेल्या वेळाचा विरंगुळा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मग त्याला कसला आला आहे इतिहास? परंतु लाकूड कातण्याची कला घेतली, तर ही समजूत अपुरी असल्याचे ध्यानात येते. ही कला दोन घरांत वाढली. एक घर हौसेने कातणाऱ्यांचे. दुसरे, कातून पोट भरणाऱ्या कातार्‍यांचे. या दोन घरांचे परस्परांशी नाते काय होते, एवढाच प्रश्न आपण येथे हाती घेणार आहोत.

सुतार लाकूड स्थिर ठेवतो आणि हत्यार चालवतो. कातारी नेमके याच्या उलट करतो. त्याचे लाकूड फिरते आणि हत्यार स्थिर असते. आपल्या घरातले लाटणे, रवी, भोवरा, पाळण्याचे गोल दांडे ही सारी त्याचीच करणी. कला फार जुनी आहे. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यावर, म्हणजे इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास, दोघे जण मिळून कातकाम करीत असल्याचे कोरले आहे. एक दोरी ओढून लाकूड फिरवतो, दुसरा हत्यार धरतो. दोरी ओढली की लाकूड एकीकडे फिरे, सोडली की उलट. त्यामुळे निम्मा वेळ फुकट जाई. पुढे पायटा आणि जड चाक आले, लाकूड एकाच दिशेने अखंड फिरू लागले, आणि दोघांचे काम एकट्याने भागू लागले.

युरोपातील राजेरजवाड्यांना या यंत्राने वेड लावले. जर्मनीतील सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्ट (कारकीर्द १५५३ ते १५८६) ड्रेस्डेन येथे स्वतः हस्तिदंत कातीत असे, आणि शिकवायला त्याने दरबारी कातारी नेमले होते. रशियाचा पीटर द ग्रेट याने तर आपल्या राजवाड्यातच कातशाळा मांडली. तेथे आंद्रेई नार्तोव हा कुशल यंत्रकार त्याच्या हाताशी असे. फ्रान्सच्या सोळाव्या लुईलाही कातकामाची आणि कुलुपे बनवण्याची आवड होती. कातलेल्या वस्तूत जी काटेकोर भूमिती असते, तिच्यात या मंडळींना सुव्यवस्थेचे दर्शन घडत असावे. राज्य मनासारखे वळेलच असे नाही. हस्तिदंत मात्र वळे!

या हौसेने विद्येची एक मोठी सेवा केली. कातार्‍याचे ज्ञान बापाकडून मुलाकडे, हाताकडून हाताकडे जाई. ते ग्रंथात आले नव्हते. १७०१ मध्ये शार्ल प्ल्युमिये या फ्रेंच धर्मोपासकाने कातकामावरचा पहिला मोठा सचित्र ग्रंथ फ्रान्समधील लियों शहरी प्रसिद्ध केला. हा गृहस्थ मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. आपल्या देवळांच्या अंगणातल्या देवचाफ्याचे प्ल्युमेरिया हे शास्त्रीय नाव त्याच्यावरूनच पडले आहे. पुढे लंडनमध्ये होल्ट्झापफेल घराण्याने श्रीमंत हौशींसाठी नक्षीदार कातकामाची यंत्रे बनवली आणि १८४३ पासून या विषयावर पाच खंड काढले.

हे झाले हौशी घर. आता त्याच सॅक्सनीतल्या दुसऱ्या घरात जाऊ.

ड्रेस्डेनच्या दक्षिणेस एर्झगेबिर्गे, म्हणजे धातूंचे डोंगर, आहेत. त्यांतील साइफेन हे गाव कथिलाच्या खाणींवर जगत होते. खाणी आटत गेल्या आणि १८४९ मध्ये तेथील खाणकाम कायमचे थांबले. परंतु डोंगरात पाणी होते, जंगल होते. धातुपाषाण कुटणारी पाणचक्की आता कातयंत्र फिरवू लागली. खाणकाम्यांनी वाडगी आणि बटणे कातली, मग खेळणी.

येथे एक विलक्षण युक्ती निघाली. स्प्रूसच्या ओल्या ओंडक्याची आडवी चकती घ्यायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना खाचा कातीत तिचे कडे बनवायचे. कडे पाहून काही बोध होत नाही. मग सुरी ठेवून ते रेषेरेषेने फोडायचे. प्रत्येक फोडीच्या कापलेल्या अंगावर घोडा किंवा गाय तयार! एका कड्यातून प्राणी निघत ते डझनांवारी. कातताना प्राणी दिसत नाही. तो कातार्‍याच्या डोक्यात असतो आणि बोटांना कळतो. ड्रेस्डेनच्या दरबारात यापेक्षा अवघड विद्या होती, असे आम्हांस वाटत नाही.

नाताळच्या सजावटीचे किती तरी प्रकार याच डोंगरात घडले. मेणबत्ती धरलेला खाणकामगार आणि देवदूत, तोंडातून धूर सोडणारा धूपवाला, आणि १८७० च्या सुमारास साइफेनच्या फ्युख्टनर यांनी घडवलेला अक्रोडफोड्या. हा अक्रोडफोड्या बहुधा राजाच्या किंवा शिपायाच्या वेषात असतो. एका राजाने हौसेखातर हस्तिदंत कातले; त्याच मुलखातल्या कातार्‍याने राजालाच लाकडात कातून अक्रोड फोडायला बसवले. इतिहासाचा हा विनोद आपण जरूर लक्षात ठेवावा.

परंतु विनोदाच्या मागे कष्ट होते. भाव व्यापारी ठरवी, आणि घरातली लहान मुलेही रंग देण्याच्या व चिकटवण्याच्या कामाला जुंपलेली असत. घरगुती उद्योगातील बालश्रमावर निर्बंध घालणारा कायदा जर्मनीत १९०३ मध्ये झाला. परक्या मुलांच्या नाताळसाठी या मुलांचे बालपण खर्ची पडत होते.

विसाव्या शतकात स्वस्त कारखानी वस्तूंपुढे ठिकठिकाणी कातार्‍यांचा धंदा बसला, आणि कला पुन्हा हौशींच्या हाती आली. अमेरिकेत १९८६ मध्ये कातकाम करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज शिक्षक, डॉक्टर, निवृत्त कारकून घरी कातयंत्र मांडतात आणि डिसेंबरात आतून पोखरलेला हलका गोळा व त्याखाली निमुळता लोलक कातून नाताळच्या झाडावर टांगतात. ते राजे नव्हेत, मजूरही नव्हेत.

अशा हौशीने काय करावे, याचे उत्तर आपल्या सावंतवाडीत सापडते. तेथील चितारी लाकूड कातून फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, आणि केवड्याच्या पानाने तिला झळाळी येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गंजिफा रंगवण्याची तेथील कला मावळत चालली, तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी एका वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच गंजिफा व लाखकामाची कार्यशाळा उभी केली. इलेक्टर ऑगस्टनेही कारागिराकडून विद्या घेतली होती; पण ती त्याच्याबरोबर वाड्यातच राहिली. सावंतवाडीत ती कारागिरांच्या हाती परत गेली.

छंदाची खरी कसोटी हीच, असे आम्ही मानतो. जो स्वतः एक लाटणे कातून पाहतो, त्याला बाजारातल्या लाटण्याची किंमत करताना जीभ आवरावी लागते. एवढे ज्याला समजले, त्याचा छंद सार्थकी लागला.