पाऊस पडला आणि गवत जळालं : आइसलँड, १७८३

दुष्काळ म्हटलं की आपल्याला कोरडं आभाळ आठवतं. आइसलँडमध्ये १७८३ साली पाऊस पडत होता, रानात गवत उभं होतं, तरी जनावरं दावणीला मेली. जनावरं सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं म्हणून लिहितोय.

उत्तर अटलांटिकमधलं हे बेट म्हणजे खडक, काळी वाळू आणि हिमनद्या. धान्य तेव्हा तिथं जवळजवळ होतच नव्हतं. शेती म्हणजे गवत. उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत ते कापायचं, वाळवायचं, रचून ठेवायचं आणि त्यावर मेंढरं, गाई, घोडी हिवाळाभर जगवायची. वैरण गेली की घर गेलं, सरळ हिशेब.

८ जून १७८३ ला बेटाच्या दक्षिण भागात लाकी डोंगराजवळ सुमारे २७ किलोमीटर लांब जमीन चिरली आणि लाव्हा वाहू लागला. तो थांबला थेट फेब्रुवारी १७८४ मध्ये. पण खरा घात लाव्ह्यानं केला नाही, धुरानं केला. सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला. ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल झालं, आणि निळसर धुरकट दिवसच्या दिवस हटेना. सूर्य रक्तासारखा लाल दिसायचा. पाऊस आला तो आम्लाचा. पानांना भोकं पडली, नुकती लोकर कातरलेल्या मेंढरांच्या कातड्यावर डाग भाजले.

त्याहून वाईट म्हणजे फ्लोरिन. राखेबरोबर ते गवतावर बसलं. जनावर चरतंय, पोट भरतंय, आणि आतून सडतंय. योन स्टेनग्रिमसन नावाचे तिथले पाद्री होते, त्यांनी सगळं लिहून ठेवलंय. घोड्यांच्या अंगावरचं मांस झडलं, सांध्यांना कठीण गाठी आल्या, जबडे इतके दुबळे झाले की गवत चावता येईना. (आपल्याकडं किनवट भागात विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं दात आणि हाडं बिघडतात, त्याच जातीचं हे विष, फक्त इथं ते हळू चढतं.) बेटावरची निम्म्याच्या आसपास गुरं-घोडी आणि दहातली जवळजवळ आठ मेंढरं गेली. मग माणसांची पाळी. लोकसंख्या जेमतेम पन्नास हजार, त्यातला साधारण पाचवा हिस्सा उपासमारीनं आणि रोगानं संपला. तिथले लोक या काळाला ‘धुरकटाचे हाल’ अशाच अर्थाच्या नावानं ओळखतात.

धूर बेटावर थांबला नाही. त्याच उन्हाळ्यात तो युरोपभर पसरला. त्यानंतरचा हिवाळा कडक गेला. पॅरिसमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिननं १७८४ मध्ये या कोरड्या धुक्याचा आणि त्या थंडीचा संबंध जोडला आणि आइसलँडच्या ज्वालामुखीकडं बोट दाखवलं.

आपला धागाही आहे. उत्तर हिंदुस्थानात १७८३-८४ ला मोठा दुष्काळ पडला, विक्रम संवत १८४० म्हणून त्याला ‘चालिसा’ म्हणतात. लाकीच्या धुरानं उत्तर गोलार्ध थंड पडून मान्सून दुबळा होऊ शकतो, असं काही हवामान शास्त्रज्ञांच्या संगणकी अभ्यासात निघालंय. पण त्या सुमाराला एल निनोही होता असं मानतात, त्यामुळं सगळं खापर लाकीवर फोडणं मला पटत नाही.

बेटावर मदत पोचायलाही वेळ लागला. राज्य डेन्मार्कचं, व्यापाराची मक्तेदारीही त्यांचीच, ती सुटली १७८७ नंतर. मदतीचे मोहोरबंद पैसे सरकारी अधिकाऱ्याकडं पोचवायचं काम योन पाद्रींकडं आलं. वाटेत शेतकऱ्यांची अवस्था बघून त्यांनी मोहोर फोडली आणि जनावरं विकत घ्यायला काही पैसे तिथंच वाटून टाकले. त्याबद्दल त्यांना दंड झाला, वर चारचौघांत माफीही मागावी लागली.