‘गारूड’ : उताऱ्यापासून भुरळीपर्यंत

मराठी समीक्षेत ‘गारूड’ हा शब्द बहुधा गौरवार्थी येतो. कवितेचे वाचकावर गारूड होते, म्हणजे तो भारला जातो, भान हरपतो. मूळ शब्द मात्र भारण्याचा नव्हे, उतरवण्याचा आहे. गरुड हा सर्पांचा वैरी. म्हणून गरुडासंबंधीचे ते ‘गारुड’, आणि विशेषेकरून सर्पविष उतरवणारा मंत्र वा विद्या. गरुडपुराणात या विद्येला स्थान आहे; ‘क्रियाकालगुणोत्तर’ या शैव तंत्रग्रंथात तर तिचा विस्तारच आढळतो. तेथे केवळ मंत्र नाहीत; सर्पांच्या जाती, दंशाचे प्रकार, असाध्य दंशाची लक्षणे यांचाही विचार आहे. म्हणजे गारुडिक हा आधी निदान करणारा होता.

हा विषवैद्य खेळकरी कसा झाला? साप निर्भयपणे हाताळणे ही त्याच्या विद्येची उघड खूण. उपचाराचा प्रसंग क्वचित येई, टोपलीतला साप मात्र चव्हाट्यावर सर्वांना दिसे. (बिनविषारी दंशावर मंत्र सफल ठरणे अवघडही नव्हते.) त्यामुळे शब्दाचा भार उताऱ्याकडून खेळाकडे, आणि खेळाकडून हातचलाखी व नजरबंदीकडे सरकला असावा. फारसीतून आलेल्या ‘जादू’चा इतिहास वेगळा. त्याचे नाते वैदिक ‘यातु’शी आहे, त्यातील अभिचाराची काळी छटा ‘जादूटोणा’त टिकून राहिली. ‘गारूड’ त्या दहशतीपासून बरेचसे मुक्त राहिले, म्हणूनच ते स्तुतीच्या कामी आले.

ही स्तुती समीक्षेला महाग पडते. ‘गारूड’ म्हटले की परिणामाची कबुली दिली जाते, कारणाचा शोध मात्र तेथेच थांबतो. एकनाथांच्या (1533–1599) भारुडांचेच उदाहरण घ्यावे. ‘विंचू’त कामक्रोधाचे विष चढते आणि सत्त्वगुणाचा उतारा सांगितला जातो, दंश, लक्षण, उपाय हा गारुडविद्येचाच क्रम आहे. दुसरीकडे, गारुडी हे स्वतंत्र सोंगही नाथांनी घेतले आहे. शब्दाचे दोन्ही अर्थ त्यांच्या रचनेत असे शेजारी नांदतात. भारुडाच्या ‘गारुडा’विषयी लिहिताना सोंगाची भाषा, आवर्तणारे धृपद आणि श्रोत्यांचा सहभाग यांपैकी नेमके काय कार्य करते, हे अजून तपशिलाने दाखवायला हवे.