ई-बर्ड : पक्षिनिरीक्षकांची जागतिक नोंदवही

पक्षिनिरीक्षणाचा छंद असलेल्या बहुतेकांकडे एक वही असते. कोठे, केव्हा, कोणते पक्षी पाहिले याची टिपणे तीत असतात. अशा असंख्य वह्या त्यांच्या मालकांबरोबरच काळाच्या उदरात गडप झाल्या. हे विखुरलेले ज्ञान एकत्र यावे, या हेतूने अमेरिकेतील कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी आणि नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी या संस्थांनी 2002 मध्ये 'ई-बर्ड' ही संगणकप्रणाली सुरू केली. 2010 पासून ती जगभरातील नोंदींसाठी खुली झाली. भारतात तिचे काम 'बर्ड काउंट इंडिया' हा गट पाहतो.

निरीक्षकाने स्थळ, तारीख, वेळ, चाललेले अंतर आणि प्रत्येक प्रजातीची संख्या भरायची, एवढीच तिची रीत. मात्र यादी सादर करताना एक प्रश्न हमखास विचारला जातो: ओळखता आलेले सर्व पक्षी यादीत आहेत काय? या प्रश्नातच प्रणालीचे मर्म आहे. यादी पूर्ण असेल, तर तीत नसलेला पक्षीही काही सांगून जातो. केवळ दुर्मिळ पक्षी टिपणारा आणि कावळा-साळुंकी वगळणारा निरीक्षक अभ्यासाच्या दृष्टीने अर्धीच माहिती देतो.

नोंदींची छाननी दोन टप्प्यांत होते. त्या प्रदेशात, त्या ऋतूत अनपेक्षित ठरणारी प्रजाती किंवा संख्या संगणक बाजूला काढतो. मग स्वयंसेवक तज्ज्ञ निरीक्षकाकडे छायाचित्र वा वर्णन मागतात. खात्री न पटलेली नोंद निरीक्षकाच्या खासगी यादीत राहते, सार्वजनिक माहितीत जात नाही. एखाद्या प्रजातीचे शास्त्रज्ञांनी विभाजन केले वा नाव बदलले, तर वार्षिक सुधारणेत जुन्या याद्याही त्यानुसार अद्ययावत होतात. शिकारी व तस्करांचा धोका असलेल्या काही प्रजातींची नेमकी ठिकाणे मात्र गुप्त ठेवली जातात.

या याद्यांचे फलित 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात दिसते. 2023 च्या अहवालासाठी 30 हजारांहून अधिक निरीक्षकांच्या 3 कोटींहून अधिक नोंदी तपासण्यात आल्या. 942 प्रजातींच्या या आढाव्यात 178 प्रजातींना संवर्धनाच्या दृष्टीने उच्च प्राधान्य देण्यात आले. तारांवर बसलेला, सर्वांच्या ओळखीचा नीलपंखही झपाट्याने घटल्याचे आढळले. जागतिक धोकासूचीतील त्याच्या स्थानाचा फेरविचार व्हावा, अशी शिफारस अहवालाने केली. चिमणीबाबत चित्र वेगळे निघाले. देशभरात तिची संख्या साधारण स्थिर असून मुंबईसह सहा महानगरांत ती घटत असल्याचे 2020 च्या अहवालाने दाखवून दिले होते. शहरी माणसाचा अनुभव खोटा नव्हता. तो साऱ्या देशाला लागू नव्हता, इतकेच.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. नोंदी येतात त्या निरीक्षक जेथे पोहोचतात तेथून. त्यामुळे शहरे आणि अभयारण्ये यांची माहिती दाट, तर माळराने, शेतशिवारे आणि दुर्गम डोंगराळ भाग यांची विरळ राहते. विश्लेषक गणिताने हा असमतोल काही अंशी सावरतात. पण जेथून यादीच येत नाही, तेथील घट गणितालाही दिसत नाही. म्हणूनच आडगावातल्या पाणवठ्यावर पंधरा मिनिटे उभे राहून केलेली दहा साध्या पक्ष्यांची यादी, नामांकित अभयारण्यातील शंभराव्या यादीपेक्षा अनेकदा अधिक मोलाची ठरते.