साहेबाचे ओटे, जेऊरची चाळीस फुटी नळी आणि माझी सव्वातीन इंची दुर्बीण

मंडळी, गेल्या ऑगस्टात पुतण्याचा फोन आला. देवगडला नववीत आहे. "काका, १८ तारखेला शाळेत भाषण आहे. विजयदुर्गावर हेलियमचा शोध कसा लागला, यावर पाच मिनिटं बोलायचंय. तुमच्याकडे दुर्बीण आहे ना, मग तुम्हीच लिहून द्या."

हो म्हणालो, फोन ठेवला आणि अडकलो. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला नाही, हे मला ठाऊक होतं. पण ती गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली ती माझ्या वडिलांनी, म्हणजे याच पोराच्या आजोबांनी. मी चौथीत असताना किल्ल्यावर नेऊन चौथऱ्यांवर हात आपटत म्हणाले होते, "ह्याच ओट्यार दुर्बीण ठेवन सायबान हेलियम शोधून काढल्यान." पुढे इंजिनियर झालो, पोटासाठी रास अल खैमाला आलो, आणि पहिल्या बोनसमधून घरात फ्रिजच्या आधी दुर्बीण घेतली, ती त्या एका वाक्यापायी. (बायकोने ते अजून विसरलेलं नाही.) वडील आता नाहीत. आता त्यांच्या नातवाला सांगायचं की आजोबा चुकीचं सांगत होते?

आधी हकिगत सांगतो. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं आणि त्याची सावली हिंदुस्थानावरून गेली, इथपर्यंत सगळं खरं. पण कोकणात ऑगस्ट म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. वेध घेणारे फ्रान्सचे जान्सेन बसले होते पार पूर्वेला, गुंटूरला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा प्रकाश त्यांनी वर्णपटात पाहिला, आणि या ठळक रेघा ग्रहण नसतानाही पाहता येतील हे ओळखलं. नॉर्मन लॉकयर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हताच, इंग्लंडात होता. त्याने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहणाबिहणाशिवाय, तिकडूनच त्या रेघा पकडल्या. त्यातली एक पिवळी रेघ सोडियमच्या जागेशी जुळेना, त्यातून हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ साली, रॅमसेच्या प्रयोगशाळेत.

मग ओटे कुठून आले? ते खरे आहेत आणि साहेबही खरा आहे. फक्त साल वेगळं. लॉकयर विजयदुर्गावर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. बरोबर मेल्पोमिनी या युद्धनौकेवरचे खलाशी होते आणि त्यांना शिकवून त्याने वेधांच्या कामाला जुंपलं होतं. दोन सालांची सरमिसळ झाली आणि गोष्ट तयार झाली. लोकांना दोष देत नाही. लॉकयर, हेलियम, ग्रहण, विजयदुर्ग हे चारही शब्द खरे असले की मधला धागा कोण तपासतो!

मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. या खोट्या गोष्टीखाली १८९८ ची खरी गोष्ट पुरली गेली, आणि ती कितीतरी भारी आहे.

ते ग्रहण जेमतेम दोन मिनिटांचं. पण सावलीचा पट्टा विजयदुर्गावर चढून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडात आणि पुढे नागपूरकडे गेला. जानेवारीचं आकाश स्वच्छ. मुंबईत प्लेग, पुण्यात रँडच्या खुनाला सात महिने झालेले, आणि अशा दिवसांत देशोदेशीचे खगोलवाले जी. आय. पी. रेल्वेच्या स्टेशनांवर पेट्या उतरवत होते. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल आला. त्याच जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला होते. सूर्याची कड झाकली जाताना क्षणभर जो वर्णपट चमकतो, त्याचे फोटो त्यांनी घेतले आणि १९०२ मध्ये त्यावर सविस्तर अहवाल छापला. १९१२ ला ते निवृत्त झाल्यावर सरकारने वेधशाळाच बंद केली आणि यंत्रं कोडाईकनालला गेली. पुण्यात त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे?

वऱ्हाडात तळणी स्टेशनाजवळ ब्रिटिश हौशी मंडळींचा तळ होता. त्यात ॲनी मॉण्डर. लग्न केलं म्हणून ग्रिनिचची नोकरी सोडावी लागलेली बाई. तिने छोट्या भिंगाचा, आखूड कॅमेरा आणला होता. त्यावर सूर्याच्या प्रभामंडळाचा एक किरण असा लांबलचक उमटला, की तेवढा लांब तोवर कुणाच्याही काचेवर उतरला नव्हता. मोठमोठ्या नळ्या आणलेल्यांचे चेहरे बघायला हवे होते.

पण माझा जीव जडलाय तो कॅम्पबेलच्या नळीवर. भिंग फक्त पाच इंची, पण फोकल लेंग्थ चाळीस फूट! म्हणजे काचेवर सूर्याचं बिंब साडेचार इंचांच्या आसपास. चाळीस फुटी नळी सूर्यामागे फिरवणार कशी? ती फिरवलीच नाही. ग्रहणाच्या वेळी सूर्य जिथे असेल, तिकडे रोखून नळी आधीच पक्की बांधली. फिरली ती खालची फोटोची काच, घड्याळाच्या यंत्रावर, सरकणाऱ्या बिंबाच्या वेगाने. भिंग, नळी आणि काच यांचे आधार वेगवेगळे, म्हणजे वाऱ्याने नळी हलली तरी चित्र हलणार नाही. कारखान्यात पंप आणि पाइपलाइनचे आधार वेगळे का ठेवायचे, हे पोरांना समजावताना मी आता हेच उदाहरण देतो.

हे सगळं मला कळलं ते पुस्तकातून कमी आणि स्वतः ठेचा खाऊन जास्त. माझी दुर्बीण ८० मिलिमीटरची, भिंगाची, म्हणजे रिफ्रॅक्टर. भिंगाच्या दुर्बिणीत आरसे जुळवत बसावं लागत नाही, म्हणून फोटोच्या नादाला लागलेला माणूस बहुधा तिच्यापासून सुरुवात करतो. त्रास एकच, भिंग सगळे रंग एका जागी आणत नाही. १८९८ च्या काचांना निळा प्रकाशच काय तो नीट दिसे, म्हणून फोटोची भिंगं निळ्यासाठी घडवत. आजचा सेन्सर सगळं बघतो, म्हणून खास काचेची महागडी भिंगं लागतात. फ्रिजचे पैसे तिथे गेले.

आणि इथलं हवामान! दिवसा खाणींची धूळ, रात्री आखातावरून येणारी दमट हवा. पहिल्या उन्हाळ्यात एसीतली थंडगार दुर्बीण गच्चीवर नेली, झाकण काढलं, आणि मिनिटात भिंगावर पाणी. लिंबू सरबताचा ग्लासच जणू. त्यावर मी काय करावं? खिशातला रुमाल काढला. धुळीसकट पुसलं. त्या रात्रीचे ओरखडे अजून कोटिंगवर आहेत. आता पेटी बंद ठेवूनच तासभर बाहेर ठेवतो, पेटीत सिलिका जेल, भिंगाभोवती गरम पट्टी, आणि धूळ दिसली तर रबरी फुग्याने हवा मारतो, फार तर मऊ ब्रश. थोडी धूळ राहिली तरी फोटोत दिसत नाही, ओरखडा मात्र जन्माचा. रात्री जबल जैसवर जातो तेव्हा तासातासाला फोकस तपासतो, कारण हवा थंड होते तशी नळी आखडते. गंमत अशी, की हे सगळं करताना बाजूला कुणी नसतं, पण मला जेऊरचा तळ आठवतो. दोन मिनिटांसाठी दिवसेंदिवस तालमी, कॅम्पबेलची बायको एलिझाबेथसुद्धा मदतीला, आणि एक काच उलटी घातली की संपलं.

ध्रुव साधताना आणखी एक जण आठवतो. विजयदुर्गाहून ध्रुव क्षितिजावर साडेसोळा अंश दिसतो, इथून जवळजवळ सव्वीस. पाचशे वर्षांपूर्वी हाच फरक दोरीच्या गाठी आणि लाकडी फळीने मोजत जहाजं चालायची, आणि ती विद्या लिहून ठेवणारा अहमद इब्न माजिद इथलाच, जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल खैमाचा. त्याचा 'किताब अल-फवाइद' १४९० च्या सुमाराचा. आणि त्याच्याबद्दल जगभर काय सांगतात? १४९८ ला वास्को द गामाला कालिकतची वाट त्याने दाखवली. पोर्तुगीज तर वाटाड्या गुजराती होता म्हणतात, आणि आजचे अभ्यासक ही कथा मानत नाहीत. शारजाच्या शासकांनी ती खोडायला पुस्तक लिहिलंय. आमच्या कारखान्यातला इथला एक अरब सहकारी यावर चिडून म्हणाला होता, "माणसाने आयुष्यभर तारे मोजले, आणि लोकांना तो आठवतो न केलेल्या कामासाठी." तेव्हा मला ओटे आठवले होते.

असो. तर भाषण. दोन रात्री बसून लिहिलं. ग्रहणाच्या वेळी उरलेली सूर्याची कोर भिंगापुढच्या लोलकातून पाहिली तर प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी कमान उमटते. १८९८ ला अशा कॅमेऱ्यांनी हिंदुस्थानात जे फोटो घेतले, त्यांत हेलियमच्याही कमानी होत्या. विजयदुर्गावर लॉकयरकडेही असेच कॅमेरे होते. शोध आधीच लागला होता, तो इथे लागला नाही, पण हेलियम किल्ल्यावरून बघायला साहेब आला होता, एवढं बेधडक सांग, असं लिहिलं. नायगामवालांचं नाव दोनदा घातलं.

भाषण झालं. बक्षीस नाही मिळालं. बाईंनी विचारलं, मग आपण १८ ऑगस्ट साजरा का करतो? पोरगा म्हणाला, "गुंटूरसाठी करूया, आणि २२ जानेवारी आपल्यासाठी." हे मी लिहून दिलेलं नव्हतं.

रात्री त्याने विचारलं, "काका, आजोबांना हे माहीत होतं का?" नव्हतं, म्हणालो. "पण ओटे त्यांनीच दाखवले ना तुम्हाला?" त्यांनीच. दिवाळीत मी येणार आहे. दुर्बीण हँडबॅगेत बसते, मोजून बघितली.