पेण-रोह्याच्या खाड्या आणि घरच्या पहिल्या शिडाच्या होडीचं सामान

आजच्या विषयाचं श्रेय माझं नाही. मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एक गृहस्थ भेटले. पेणचेच, नोकरी मुंबईत, घरी बायको आणि दोन शाळकरी मुलं. म्हणाले, "सर, आम्ही एक जुनी शिडाची होडी घेतोय. फिरायची, रात्री मुक्काम करता येईल अशी. विकणाऱ्यानं जास्तीच्या सामानाची चार पानी यादी दिलीय. सगळं घेतलं तर सामानच होडीच्या किमतीला जातंय. काय घ्यावं?" मी इतिहासाचा माणूस. मला म्हणायला हवं होतं की हे माझं क्षेत्र नाही. पण घरी जाताना लक्षात आलं की आपल्या या दोन खाड्यांवर गेली तीनशे-चारशे वर्षं प्रत्येक नाखव्यानं हाच प्रश्न सोडवलाय. पैसे मोजके, होडी एकच, तिच्यावर सगळं घर. मग वर काय चढवायचं आणि काय किनाऱ्यावर ठेवायचं? तेव्हा आज त्या हिशेबाचा इतिहास बघू.

आधी जागा डोळ्यांपुढे आणा. पेण भोगावतीच्या काठी. तिथून खाली खाजण, मिठागरं, खारबंदिस्तीचे बांध, आणि मग धरमतरची खाडी. या खाडीत अंबा नदी येते, जिच्या वरच्या अंगाला नागोठणं. खाडी रेवसजवळ मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. दुसरीकडे रोहा कुंडलिकेच्या काठी, समोर अष्टमी. कुंडलिका उतरते रेवदंड्याच्या खाडीत, एका बाजूला रेवदंडा, दुसऱ्या बाजूला कोर्लई. पेणहून मीठ आणि भात, रोह्याहून भात. मुंबईची चूल बरीचशी या पाण्यावरून पेटत होती म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. आज रोहा म्हटलं की कोकण रेल्वे आठवते, पण रेल्वे रोह्यापर्यंत आली 1986 साली. त्याआधीची कित्येक शतकं मोठा माल पाण्यानं जायचा.

आता या पाण्याचा स्वभाव. मुंबई बंदरात उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, म्हणजे दीड मजला म्हणा. तेच पाणी खाडीतून वर चढतं आणि सहा तासांनी उतरतं. उतरलं की पेणच्या बाजूला उरतो चिखल. उधाणाला जी होडी गावाच्या जवळ येईल ती भांगाच्या दिवसांत येईलच असं नाही. म्हणून पेणला खालच्या अंगाला अंतोऱ्यासारखं बंदर लागलं. गावाजवळ पाणी पुरलं नाही की माल तिथे उतरवायचा.

यातून पहिला धडा निघतो, आणि तो त्या चार पानी यादीत कुठेच नव्हता. होडीचा तळ कसा आहे? आपल्याकडच्या मचव्याला, पडावाला पाणी कमी लागायचं. ओहोटीला तो चिखलात बसायचा आणि कलंडला तरी बिघडत नव्हतं, पुढच्या भरतीला पुन्हा उभा. आजच्या फिरायच्या शिडाच्या होडीला तळाखाली खोल, जड पातं असतं. समुद्रावर ते उत्तम. तोल राखतं, वाऱ्याच्या तोंडाकडे चढू देतं. पण दीड-दोन मीटर पातं घेऊन तुम्ही पेणच्या बाजूला चढलात आणि ओहोटी लागली, की होडी आडवी होणार आणि मुलांचं जेवण भिंतीवर. त्याला उपाय आहेत. काही होड्यांना वर उचलता येणारं पातं मिळतं, काहींना दोन आखूड पाती असतात आणि त्यांवर होडी उभी राहते, काही जण बाजूला टेकू बांधतात. पण हे ठरवायचं होडी घेतानाच. रडार पुढच्या वर्षी बसवता येतं, तळ बदलता येत नाही.

हा शहाणपणा जुना आहे. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकारानं आपल्या किनाऱ्यावरच्या गुराबांचं वर्णन केलंय. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांच्या आसपास, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत, लांबीच्या मानानं खूप रुंद आणि पाणी अगदी कमी लागणारी. गलबत त्याहून लहान, सहसा सत्तर टनांच्या आत, मोठ्या डोलकाठीवर एकच त्रिकोणी शीड. आणि त्यावर चाळीस-पन्नास वल्ही! ऑर्म म्हणतो की वल्ह्यांवर ते ताशी चार मैल जाऊ शकायचं.

ताशी चार मैल हा आकडा लक्षात ठेवा. आज त्या गृहस्थांच्या यादीत पहिल्या पानावर, सगळ्यात महाग, काय होतं? नवं डिझेल इंजिन. वारा पडला तर घरी यायची सोय. आंग्र्यांच्या गलबतावरची वल्ही म्हणजे हेच. वारा पडला की गलबतं पुढे होऊन गुराबांना ओढत न्यायची आणि वाऱ्याची वाट बघत थांबलेल्या युरोपियन जहाजाला गाठायची.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र तुम्हाला माहीत आहे, 1715 च्या सुमाराचं. त्यातला आरमाराचा भाग म्हणजे सामानाच्या निवडीवरचं मराठीतलं पहिलं लेखन आहे असं माझं मत आहे. मी वाक्यं उद्धृत करत नाही, आशय सांगतो. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्याशिवाय जी हलतच नाहीत अशी मोठी जहाजं बांधायचं कारण नाही. पुढे मात्र एक गमतीची सूट आहे, धाक बसावा म्हणून एखाददुसरं मोठं केलं तर हरकत नाही! म्हणजे दिखाऊपणाची हौस अमात्यांनाही ठाऊक होती, फक्त त्यांनी तिला संख्येची मर्यादा घातली. मग तोफा, बंदुका, दारूगोळा आणि होके. होका म्हणजे होकायंत्र. लाकडाबद्दल तर ते फारच बारकाईनं बोलतात. आंबा, फणस ही झाडंही आरमाराच्या कामाची, पण त्यांना हात लावू नका, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात. म्हणजे होडीच्या खर्चात दुसऱ्याच्या परसातलं झाडसुद्धा मोजलेलं आहे.

रोह्याकडे येतो. रोह्याच्या नाखव्याला आणखी एक सामान लागायचं, कागद. 1740 पर्यंत कुंडलिकेच्या तोंडावर पोर्तुगीज बसलेले होते, रेवदंड्यात आणि कोर्लईत. त्यांचा परवाना म्हणजे कर्ताज. आंग्र्यांचं पाणी असेल तर त्यांचं दस्तक. माल कितीही चांगला भरा, कागद नसेल तर होडी दुसऱ्याची. इंग्रजी अमलात 1838 चा किनारी जहाजांचा कायदा आला आणि होड्यांची नोंदणी आणि त्यांवर क्रमांक घालणं सुरू झालं. 2008 च्या नोव्हेंबरात अतिरेकी समुद्रावरून मुंबईत आले, त्यानंतर हा कागद पुन्हा जड झाला. मच्छीमार बोटींची नोंदणी कडक झाली, कोळी बांधवांना ओळखपत्रं आली, वीस मीटरपेक्षा लांब बोटींना आपली ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र सक्तीचं झालं. तुमची होडी लहान असेल, पण धरमतरच्या खाडीत आज रात्री उतरून बघा. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल घेऊन बार्ज ये-जा करतात. त्यांना तुम्ही दिसला पाहिजेत. माझ्या मते चांगले दिवे ही चैनीची वस्तू नाही. आणि नोंदणी, विमा यांचे पैसे आधी बाजूला काढायचे, उरतील त्यात सामान.

आता इंजिनाकडे परत, कारण खरा संसार इथे हलला. स्वातंत्र्यानंतरच्या काळात सरकारनं मच्छीमारांना कर्ज आणि अनुदान देऊन होड्यांवर इंजिनं बसवायला प्रोत्साहन दिलं. एका घराची कल्पना करा. आजोबा तांडेल, होडी शिडाची. वारा फुकट, पण वाऱ्याला वेळापत्रक नाही. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून सुटतो आणि ओहोटीही त्याच वेळी असेल तर पेणहून मुंबई सोपी. दुपारी समुद्राकडून वारा आणि भरती, की परत. पण भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून जास्त पुढे सरकते. वारा आणि पाणी एकमेकांशी जुळतात ते काही दिवस, बाकीचे दिवस नांगर टाकून बसायचं. मासळी मात्र बसत नाही, ती नासते. म्हणून मुलगा म्हणतो, इंजिन घेऊ. आजोबा म्हणतात, डिझेलचे पैसे रोज, वाऱ्याचे कधीच नाहीत. दोघंही बरोबर. त्या भांडणात मुलगा जिंकला, सगळ्या किनाऱ्यावर जिंकला. काही वर्षं शीड गुंडाळून होडीतच राहिलं, इंजिन बंद पडलं तर असावं म्हणून. मग जागा अडते म्हणून घरी गेलं, आणि मग शीड लावता येणारी माणसंच गेली. आज आपले कोळी डिझेलच्या परताव्यासाठी सरकारदरबारी खेटे घालतात, त्याचं मूळ या निवडीत आहे. मी शीडवाला रोमँटिक माणूस नाही. मासळी विकून जगायचं असेल तर इंजिनच हवं. पण ज्याला फक्त फिरायचंय, ज्याची मासळी नासणार नाही, त्याचा हिशेब वेगळा. त्याला खाडीतून बाहेर पडण्यापुरतं, ओहोटीच्या ओढीविरुद्ध जरा तग धरण्यापुरतं इंजिन पुरे. त्याहून मोठं घ्यायचे पैसे मी चांगल्या शिडांत घालीन.

एक गोष्ट मुंबईची सांगतो. साठीच्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज जहाज अधिकाऱ्यानं मुंबईत सागवानाची एक बत्तीस फुटी शिडाची नौका बांधून घेतली. नाव 'सुहैली'. तिच्यात बसून 1968-69 मध्ये त्यानं एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला. त्या प्रवासात काय काय मोडलं? रेडिओवरून बोलणं बंद पडलं. आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं. इंजिन गंजून जाम झालं. टाकीतलं पिण्याचं पाणी खराब झालं, मग पावसाचं धरून प्यायला. काय टिकलं? सागवान, शिडं, आणि दुरुस्तीची हत्यारं वापरणारे हात. पुढे 2009-10 मध्ये आपले दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय झाले. त्यांच्या नौकेवर आधुनिक सामान भरपूर होतं, पण दरम्यान चाळीस वर्षं गेली होती आणि मागे नौदल होतं. तुमच्यामागे महिन्याचा पगार आहे.

आता जरा अवघड भाग. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसला निघाली. आपलीच माणसं, सणाला घरी चाललेली. पावसाळी समुद्र, आत पाणी, लोक एका बाजूला धावले, बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. काही जीव कोळ्यांच्या होड्यांनी वाचवले. बोट सकाळी बुडाली, पण मुंबईत कळायला दुपार उलटली, कारण बोटीवरून कळवायची सोयच नव्हती. या भागात आजही अशी घरं आहेत जिथे गटारीला दिवाबत्ती वेगळ्या कारणानं होते.

म्हणून त्या यादीतल्या ज्या दोन वस्तूंवर गृहस्थांनी 'नंतर बघू' असं लिहिलं होतं, तिथे मी थांबलो. प्रत्येकाच्या मापाचं तरंगजाकीट, मुलांचं वेगळं, कारण मोठ्यांच्या जाकिटातून लहान मूल खाली निसटतं. आणि हातात धरायचा सागरी रेडिओ, सोळा नंबरचा चॅनेल. मोबाइल खाडीच्या वळणावर गप्प होतो. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर लक्षात ठेवा, पण रेडिओ हवाच. फ्रीज, पडद्यावर नकाशा दाखवणारं मोठं यंत्र, विजेवर गुंडाळणारं शीड, हे सगळं छान आहे. पहिला मोसम त्यांच्याशिवाय काढा. मग कळेल आपल्याला नेमकं काय कमी पडतं.

नांगर राहिला. जुन्या होडीवर चार दातांचा नांगर असतो. तो खडकात छान धरतो, पण आपल्या मऊ चिखलातून नांगरटीसारखा ओढत येतो. इथे रुंद पात्यांचा हवा, आणि एक नाही, दोन. दोर मोकळ्या हातानं घ्या, कारण भरतीला पाणी चार मीटर वाढलं की आखूड दोर नांगर उचलून धरतो. नीरमाबद्दल, म्हणजे तोल राखायला तळात घालतात त्या वजनाबद्दल, एवढंच की जड सामान खाली आणि मधोमध ठेवा. जुने नाखवे धोंडे भरायचे, तुम्ही पाण्याचे डबे भरा.

रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवारानं 'मत्स्यगंधा' नावानं सामाईक होड्या चालवल्या, आळीपाळीनं लोक त्यांवर जायचे. हे सांगायचं कारण असं की एका घरानं एकट्यानं होडी घ्यायलाच हवी असंही नाही. दोन-तीन घरांनी मिळून घेतली तर ती चार पानी यादी प्रत्येकाच्या वाट्याला दीड पान येते. भांडणं होतील, ती वेगळी.

त्या गृहस्थांना मी शेवटी एक काम सांगितलं. होडीचे पैसे देण्याआधी एका अमावास्येला, ओहोटी पुरती उतरल्यावर, मुलांना घेऊन धरमतरच्या पुलावर उभं राहा आणि खाली बघा. पाणी कुठे उरतं, चिखल कुठे उघडा पडतो, बार्ज कुठून जाते. हे त्यांनी गेल्या आठवड्यात केलं. आज ते इथे दुसऱ्या रांगेत बसलेत. खोल पात्याच्या होडीचा सौदा त्यांनी थांबवलाय असं मघाशी सांगत होते; दुसरी एक बघितलीय, तिला उचलायचं पातं आहे पण शिडं जुनी आहेत. शिडांची किंमत कशी काढायची हे मला विचारू नका, सभागृहात करंजा-रेवसकडची जी मंडळी आलीत त्यांना विचारा. चला, प्रश्न घेऊ.