तालीम आणि आपत्ती : उड्डाणाच्या सदृशीकरणातील अनपेक्षित बिघाडाचा इतिहास

मराठीत ‘तालीम’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘शिक्षण’ एवढाच. पण सातारा-सांगलीच्या मुलुखात त्याला दोन वेगळी घरे मिळाली. फलटण, कराड, वाळवे या बाजूस तालीम म्हणजे मल्लांचा आखाडा. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. दुसरीकडे, विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि नाट्यव्यवसायात तालीम म्हणजे प्रयोगापूर्वीची उजळणी झाली. या दोन अर्थांत एक महत्त्वाचा भेद आहे. नाटकाच्या तालमीत पुढचे वाक्य कोणते, हे सर्वांना ठाऊक असते. आखाड्यात डाव सर्वांना ठाऊक असतात, परंतु प्रतिस्पर्धी त्यांपैकी कोणता डाव केव्हा टाकील, हे कोणासच ठाऊक नसते.

विमानोड्डाणाच्या शिक्षणात ज्यास सिम्युलेटर म्हणतात व मराठी परिभाषेत ज्या क्रियेस ‘सदृशीकरण’ हे नाव मिळाले आहे, तिच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात हा भेद स्पष्ट दिसतो. ‘बिघाड’ हा यंत्राचा धर्म आहे. ‘अनपेक्षित’ हे मात्र यंत्र चालविणाऱ्या मनाचे विशेषण आहे. बिघाडाची नक्कल करणे अभियंत्यांना लवकर साधले. अनपेक्षिततेची नक्कल करणे त्यांना फार उशिरा व फार मोठी किंमत देऊन साधले, आणि तेही अंशतःच.

आरंभीची साधने अगदी साधी होती. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानाच्या विद्यार्थ्यांसाठी पिंपाच्या दोन अर्ध्या भागांवर आसन बसवून त्यास शिक्षक हातांनी हेलकावे देत. खरी प्रगती केली ती अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथील एडविन लिंक यांनी. त्यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. त्याच कारखान्यातील भाते व झडपा वापरून त्यांनी १९२९ मध्ये हवेच्या दाबाने कलणारे, वळणारे एक छोटे विमान तयार केले. प्रारंभी ते जत्रेतील करमणुकीचे साधन म्हणूनच अधिक खपले. १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकी सैन्याकडे टपालवाहतुकीचे काम आले आणि काही आठवड्यांत धुके, हिमवर्षाव व अंधार यांत डझनभर सैनिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे दहा हजार यंत्रे तयार झाली. या यंत्राने शिकविलेला धडा एकच, पण मूलभूत होता : शरीराला जे जाणवते त्यावर विश्वास न ठेवता समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवावा.

१९४८ मध्ये पॅन अमेरिकन कंपनीसाठी कर्टिस-राइट यांनी स्ट्रॅटोक्रूझर विमानाच्या संपूर्ण कक्षाची प्रतिकृती तयार केली. ती हलत नव्हती. परंतु तीत सर्व कर्मचारी एकत्र बसत आणि मागे बसलेला शिक्षक आपल्या फलकावरून इच्छेनुसार बिघाड ‘घडवीत’ असे. बिघाड ही अभ्यासक्रमातील वस्तू झाली. खऱ्या विमानात बिघाडाचे सोंग आणणे किती घातक असते, याचा अनुभव पुढेही येत राहिला. ३० मार्च १९६७ रोजी न्यू ऑर्लिअन्स येथे इंजिने बंद असल्याचे गृहीत धरून उतरण्याचा सराव करणारे डीसी-८ विमान कोसळून १९ जण ठार झाले. ८ मार्च १९९४ रोजी दिल्लीत शिकाऊ वैमानिकांना घेऊन सराव करणाऱ्या बोइंग ७३७ विमानात शिक्षकाने इंजिन बंद पडल्याचा आभास निर्माण केला. विद्यार्थ्याने सुकाणूचा चुकीचा पायदट्ट्या दाबला आणि ९ जणांचे प्राण गेले. असा सराव जमिनीवरील यंत्रात हलविणे म्हणूनच इष्ट होते. तथापि त्या यंत्रातील सराव बव्हंशी पहिल्या प्रकारची तालीम राहिला. ठराविक मुदतीने परीक्षा, तीत ठरलेले बिघाड, त्यांवर ठरलेली उत्तरे. उड्डाणाच्या क्षणी इंजिन बंद पडणार हे परीक्षार्थीस आदल्या दिवशीच ठाऊक असे.

या पद्धतीची मर्यादा मुंबईच्या किनाऱ्यावर अत्यंत दुःखद रीतीने दिसून आली. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईस निघाले. धावपट्टी सोडल्यानंतर १०१ सेकंदांत ते वांद्र्यासमोर अरबी समुद्रात कोसळले आणि विमानातील सर्व २१३ जण मृत्यू पावले. इंजिने सुस्थितीत होती. विमानाचा कल दाखविणारे कप्तानासमोरील उपकरण, चौकशीतील निष्कर्षानुसार, उजवा कल दाखवीत अडकले होते. विमान वस्तुतः सरळ होते. कप्तानाने तो कल्पित कल घालविण्यासाठी विमान डावीकडे झुकविले, आणि ते झुकतच गेले. खाली काळोखा समुद्र. क्षितिजरेषा दिसण्याची शक्यता नव्हती.

कक्षात कल दाखविणारी आणखी दोन उपकरणे होती : एक सहवैमानिकासमोर, दुसरे राखीव. लिंकच्या यंत्राने उपकरणावर विश्वास ठेवण्यास शिकविले होते. येथे प्रश्न होता कोणत्या उपकरणावर, हा. कक्षातील ध्वनिमुद्रणावरून दिसते की, आपले उपकरण कोलमडल्याचे कप्तानाने म्हणताच सहवैमानिकानेही आपले तसेच झाल्याचे सांगितले. त्याचे उपकरण बहुधा खरेच सांगत होते. पण ते इतका भयंकर कल दाखवीत होते की, सत्य हाच बिघाड वाटला. अभियंत्याने त्या उपकरणावर भिस्त ठेवू नका, अशा अर्थाचा इशारा दिला, तोवर वेळ उरला नव्हता. उपकरणाच्या उत्पादकांवरील दावा अमेरिकेतील न्यायालयाने १९८५ मध्ये फेटाळला. दोष कोणाचा, हा प्रश्न न्यायालयाचा. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, पूर्णपणे बंद पडलेले यंत्र ओळखण्याची तालीम वैमानिकांना होती. खोटे बोलणारे यंत्र ओळखण्याची पुरेशी नव्हती.

येथे भाषेचाही प्रश्न निर्माण होतो. कनिष्ठाने वरिष्ठास ‘आपण चुकत आहात’ हे किती शब्दांत व किती वेळात सांगावे? आदरार्थी बोलण्याची सवय असलेल्या समाजात शंका प्रश्नाच्या किंवा सूचनेच्या रूपाने, आडवळणाने व्यक्त होते. आणि १०१ सेकंदांत आडवळणास जागा नसते. १९७७ मधील तेनेरिफे येथील ५८३ बळींच्या अपघातानंतर १९७९ मध्ये नासाने या प्रश्नावर परिषद भरविली, आणि कक्षातील परस्परसंवाद हा सदृशीकरणाचा विषय झाला. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे द्रवदाबाची सर्व यंत्रणा निकामी झालेले डीसी-१० विमान केवळ इंजिनांचा जोर कमीअधिक करून धावपट्टीपर्यंत आणले गेले. २९६ पैकी १८४ जण वाचले. कप्तान आल हेन्स यांनी त्याचे श्रेय या संवादशिक्षणास दिले. मात्र त्या प्रसंगाची पुढे यंत्रात पुनरावृत्ती करून पाहिली असता असे उतरणे व्यवहारतः शिकविता येत नाही, असाच चौकशीचा निष्कर्ष निघाला. जो डाव शिकविता येत नाही त्यासाठी मल्ल मात्र घडविता येतो, हे या घटनेचे तात्पर्य मानावे लागेल.

अनपेक्षिततेचे मोजमाप करण्याचा एक उद्बोधक प्रयत्न १५ जानेवारी २००९ च्या घटनेनंतर झाला. पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिने गमावलेले विमान न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरविण्यात आले व १५५ जण वाचले. सिम्युलेटरमध्ये तोच प्रसंग उभा केला असता तत्काळ मागे वळणारे काही वैमानिक विमानतळावर सुखरूप पोहोचले. परंतु काय घडले हे समजण्यास लागणारी ३५ सेकंदे हिशेबात धरताच तो प्रयत्न फसला. परीक्षार्थीस प्रश्न आधी ठाऊक असणे आणि नसणे, यांतील अंतर त्या ३५ सेकंदांत दिसते. त्याच वर्षी १ जूनला अटलांटिकवर वेगदर्शक नळ्यांत बर्फ साचून एअर फ्रान्सचे विमान २२८ जणांसह नष्ट झाले. त्यानंतर अचंब्याच्या क्षणाचे प्रशिक्षण हा स्वतंत्र विषय मानला जाऊ लागला.

फलटणच्या वाचकास हा विषय दूरचा वाटू नये. नीरा ओलांडली की बारामती तालुका लागतो आणि तेथील धावपट्टीवरून शिकाऊ विमाने उडतात. २५ जुलै २०२२ रोजी अशा एका विमानाचा इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात अपघात झाला. एकट्याने उडणारी शिकाऊ व्यक्ती बचावली. या वर्गातील सेस्ना १५२ सारख्या एक-इंजिनी विमानाचे इंजिन जमिनीपासून ३००० फुटांवर बंद पडले, तर शांत हवेत ते सुमारे ८ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. फलटणवर हा प्रसंग आला, असे कल्पून पाहावे. उत्तरेस नीरा उजव्या कालव्याखालची सपाट, पण उभ्या उसाने भरलेली जमीन. दक्षिणेस महादेवाच्या डोंगररांगा. उसात उतरावे की कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात, वारा कोणत्या बाजूचा, विजेच्या तारा कोठे, याचा निर्णय काही मिनिटांत करावयाचा. त्यातच इंधनाची कळ व कार्ब्युरेटरची उष्णता तपासून इंजिन पुन्हा सुरू करण्याचा यत्न करावयाचा. उसाची कापणी झाली की हा नकाशा बदलतो. कोणत्याही सिम्युलेटरच्या पडद्यावर चालू हंगामातील रान दिसत नाही.

१९८२ पासून मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमामुळे घरगुती संगणकावरही उड्डाणाचे सदृशीकरण सुलभ झाले. अशा काही कार्यक्रमांत बिघाड अनिश्चित वेळी घडावा अशी योजना करता येते. शिक्षकाने स्वतःची वेळापत्रके लपविण्याचे जे तत्त्व, तेच येथे यंत्राच्या स्वाधीन केलेले आहे. घरी उड्डाण थांबविण्याची कळ हाताशी असते, ही त्याची उणीव. तिच्यापासून दूर राहणे सरावाच्या शिस्तीवर अवलंबून आहे.

एकंदरीत, बिघाडांची यादी वाढविल्याने वैमानिकाची तयारी त्याच प्रमाणात वाढत नाही, असे हा इतिहास दाखवितो. यादीतील प्रत्येक बिघाड एकदा घडून गेला की तो अपेक्षितांत जमा होतो. म्हणून सरावात तीन गोष्टींना स्थान असणे आवश्यक ठरते : बिघाडाची वेळ व प्रकार विद्यार्थ्यापासून लपविणे; एका उपकरणाची साक्ष दुसऱ्याकडून पडताळून घेण्याची सवय लावणे; आणि शंका थेट, थोडक्या शब्दांत बोलून दाखविण्याची कनिष्ठास मुभा देणे. यांतील तिसऱ्या गोष्टीस यंत्राचा काहीच खर्च नाही. वांद्र्यासमोरच्या त्या रात्री कक्षात अचूक माहिती उपलब्ध होती. ती वेळेवर व विश्वासाने उच्चारली गेली नाही.